‘पोरगं लई मऊ आहे, जरा कडक करा’

भरतीचा हंगाम संपला की खानापूर-निपाणीकडचे पालक माझ्याकडे समुपदेशनाला एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. “मॅडम, पोरगं लई मऊ आहे. जरा कडक करून द्या.” जणू माझ्याकडे भट्टीच आहे!

त्यांचंही नवल नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे इकडे फौजेतली घरं पुष्कळ. अशा घरातला मुलगा अग्निवीर भरतीत मागे राहून वर उंबऱ्यावर बसून रडला, तर बापाला नापास होण्यापेक्षा ते रडणंच जास्त लागतं.

असेच एक निवृत्त हवालदार आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) “1.6 किलोमीटर ठरल्या वेळेत पळायचं होतं. थोडक्यात गेलं. त्यात रडायचं काय? आता पहाटे उठतच नाही. मी रोज ओरडालोय, पण निबर व्हायचं नावच नाही.”

मी मुलाशी वेगळं बोलले. “परत नापास झालो तर मला सहन व्हायचं नाही,” तो म्हणाला.

“आणि या वेळचं?”

“ते… झालं की सहन.” बोलला आणि स्वतःच थबकला.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत मला पटते ती इथे. ‘वाईट वाटतंय’ हे खरं असतं. ‘सहनच होणार नाही’ ही आपण त्याला जोडलेली शेपूट. ती गळली की निम्मं काम होतं. पुढच्या आठवड्यात पोरगा पळायला गेला. वाईट वाटतच होतं, तरी गेला. मी कणखर म्हणते ते याला. ज्याला काही लागतच नाही तो निगरगट्ट. त्याची मला जास्त काळजी वाटते.

खरी गाठ सुटली ती वडिलांपाशी. त्यांना विचारलं, “ट्रेनिंगमध्ये तुम्ही कधी मागे पडला होता?”

“पडलो होतो की. सुरुवातीला रोजच.”

“मग उस्ताद काय करायचे?”

“शिव्या द्यायचे.” मग हसले. “पण शेजारी पळायचे. संपेपर्यंत.”

“तुमच्या मुलाच्या शेजारी कोण पळतं?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही नाही. अशा वेळी गप्प राहणं मला चांगलं जमतं, आणि ते जमायला वर्षं लागलीत. शेवटी म्हणाले, “आम्ही नुसत्या शिव्याच उचलल्या.”

हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं धडपणे उभी राहिली. त्यांच्यापाशी बहुधा निदान एक तरी टिकून राहिलेलं मोठं माणूस होतं. ते आईबापच असतं असं नाही. कुणाची आजी, कुणाचे मास्तर.

म्हणून पालकांना सांगते, रडू द्या, दहा मिनिटांनी चहा द्या आणि “उद्या किती वाजता उठवू?” एवढंच विचारा. चुलतभावाचं उदाहरण देऊ नका. मात्र झोप-जेवण तुटलं, मरणाची भाषा आली, तर तो मऊपणा समजू नका; त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

आणि शेजारी पळायचं म्हणजे पळायलाच हवं असं नाही. हवालदारांचे गुडघे गेलेत. ते सायकलवरून जातात.