१७९७ची तांब्याची ब्रिटिश पेनी चिंचेने घासून चकचकीत करावी का? आणि तिचा दर्जा कसा ओळखायचा?

अजिबात घासू नका. देवघरातल्या तांब्याला चिंच ठीक, पण नाण्याचा मूळ पृष्ठभाग एकदा गेला की परत येत नाही, आणि जाणकाराला तो गुलाबी झगमगाट लगेच कळतो. आधी वजन करा. उद्योजक मॅथ्यू बोल्टनच्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीतली ही पेनी एक औंसाची, म्हणजे सुमारे २८.३ ग्रॅमची. झिजलेली थोडी हलकी भरेलच. मग नाण्यावरच्या राजा तिसऱ्या जॉर्जच्या डोक्यावरची लॉरेलची पानं आणि कानावरचे केस भिंगातून बघा. पानं सुटी, बटा ठळक असतील तर ‘व्हेरी फाइन’ या दर्जाच्या आसपास, नुसता सपाट आकार उरला असेल तर ‘फाइन’ हा त्याहून कमी दर्जा किंवा त्याखाली. रुंद काठावरची अक्षरं आत दाबलेली असल्यामुळे बराच काळ टिकतात, त्यांच्यावर भुलू नका. काठाला ठोके बऱ्याच पेनींना असतात, तरी किंमत त्यांनीही उतरते.