लेक सिमकोवर बर्फातून लेक ट्राउट काढायला जायचं तर सामान काय घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: टोरोंटोजवळ राहणारे तिघं मित्र फेब्रुवारीत बॅरीला जाऊन गोठलेल्या सिमकोवर लेक ट्राउट धरणार. ऑगर (बर्फात भोक पाडायचं गिरमिट) कुठला, रॉड कुठला, खर्च किती? आणि जाता जाता लिहिलंय, "गावी खाडीत गरवायची सवय आहे, त्यामुळे तंत्राची काळजी नाही."

या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. काळजी तंत्राचीच करा. ऑगर काय, कुणाकडून मागूनही आणता येतो.

खाडीत आपण काय करतो? तंगूस बोटावर, खाली शिसं, गरीला कोळंबी. टोचलं की हिसका. पाणी दोन-तीन मीटर, फार तर पाच. केम्पेनफेल्ट बे म्हणजे सिमकोचा पश्चिमेकडचा लांबट फाटा, बॅरी त्याच्या टोकाला. तलावाचं सगळ्यात खोल पाणी इथेच, जवळजवळ 41 मीटर. लेक ट्राउटसाठी भोकं पाडायची ती साधारण 70 ते 90 फुटांवर (इथे बर्फावर सगळे फुटातच बोलतात). म्हणजे पंचवीसेक मीटर दोरा पाण्यात. तंगूस ताणतो. तुम्ही वर हातभर हिसका दिलात की तो सगळा दोऱ्यातच जिरतो, खाली गरी जेमतेम हलते आणि या माशाचा जबडा कडक असतो.

म्हणून 10 ते 15 पौंडी ब्रेडेड (विणलेला) दोरा. तो ताणत नाही. पण पाणी धरतो आणि उघड्यावर उणे दहात रॉडच्या कड्यांत बर्फाचे मणी तयार होतात. ते पकडीने फोडायला गेलात तर कडं तुटतं. रॉडचं टोक भोकातल्या पाण्यात बुडवा, दहा सेकंद थांबा, बोटांनी पुसा. तंबूत बसणार असाल तर हा त्रासच नाही. ब्रेडच्या पुढे 10 किंवा 12 पौंडी फ्लोरोकार्बनचा लीडर (दोऱ्याचा शेवटचा तुकडा), आणि त्याला 4 इंची पांढरी ट्यूब (मऊ रबरी आमिष), आत 10 ते 14 ग्रॅमचं जिग-हेड (गरी जडवलेलं शिसं); दोन्ही मिळून जिग. पांढरी का, तर इथला ट्राउट सिस्को, स्मेल्ट असले चंदेरी मासे खातो. रंगांच्या पेट्या विकत घेऊ नका.

आता आमच्या मेहुण्याची गोष्ट, कारण तोही देवगडचा आणि त्यालाही तंत्राची काळजी नव्हती.

78 फूट पाणी, सोनारचा (खालचा मासा पडद्यावर दाखवणारं यंत्र) ट्रान्सड्यूसर, म्हणजे वायरीच्या टोकाचा सेन्सर, भोकात सोडलेला, जिग तळापासून मीटरभर वर. गोल पडद्यावर तळाचा जाड पट्टा, वर जिगची बारीक रेघ. मध्येच तळापासून एक रेघ सुटते, आधी हिरवी, मग जाड होत लाल. मासा जिगकडे येतोय. मेहुण्याने काय केलं? जिग स्थिर धरलं. "भावोजी, खाऊं देत त्याका." रेघ जिगला टेकली, दोन सेकंद थांबली आणि तळाला गेली. खाडीतली सवय. लेक ट्राउट पाठलाग करणारा मासा आहे. खाणं पळून जात नसेल तर त्याला संशय येतो. लाल रेघ जवळ आली की जिग वर पळवायचं, रीळ भराभर फिरवायचं, रेघ मागे पडली तर जरा हळू, पण थांबायचं नाही. तो 80 फुटांवरून 30 फुटांपर्यंत मागे येतो, कधी थेट बर्फाखाली येऊन घेतो. घेतला की रॉड जड होतो. तेव्हाही हिसका नाही, नुसतं फिरवत राहायचं. वजन बसलं की रॉड संथपणे उचलायचा. झालं.

दुसरी रेघ आली तेव्हा मी ओरडत होतो म्हणून त्याने फिरवलं. 40 फुटांवर मासा लागला. आणि लागताच हिसका! "गरी लागली की झटको मारूक व्हयो." आता दोरा ब्रेडचा, जराही न ताणणारा, त्यात रिळातलं ग्रीस थंडीने घट्ट झालेलं, ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक) सुटतच नाही. तो मासा त्या हिसक्यात गेला नाही हे नशीब. ड्रॅग घरी बसून लावू नये तो यासाठी. बर्फावर पोचल्यावर, रीळ गार झाल्यावर, दोन लिटरची भरलेली बाटली दोऱ्याला बांधून उचला: हळू उचलली तर उठली पाहिजे, जरा जोर केला की रिळाने दोरा सोडला पाहिजे. 12 पौंडी लीडरला एवढं पुरे.

मग भोकात बुडबुडे आले. हे बघण्यासारखं असतं. लेक ट्राउटच्या हवेच्या पिशवीला घशाकडे वाट असते, वर येताना तो हवा सोडत येतो, त्यामुळे मासा दिसायच्या आधी भोक उकळल्यासारखं दिसतं. (म्हणूनच खोलातून काढलेला ट्राउट सोडला तर बहुधा जगतो, पर्च इतक्या खोलातून आला की पोट फुगून उलटा तरंगतो.) आणि नेमकं तेव्हा रीळ अडलं. ब्रेड आणि लीडर जोडायला मधे स्विव्हल (फिरती कडी) होतं, लीडर तीन मीटरचा. स्विव्हल रॉडच्या टोकाच्या कड्याला येऊन ठेचलं. रॉड 28 इंची, टोक पाण्यापासून मीटरभर वर, म्हणजे मासा अजून दोन मीटर खाली आणि वरून काहीच करता येत नाही. मेहुण्याने दोरा हातात घेतला आणि बोटांना गुंडाळला. मासा बर्फाखाली आडवा पळाला, लीडर भोकाच्या खालच्या धारेवर घासला, तुटला.

तीन वर्षं वाद चालू आहे. तो म्हणतो स्विव्हलमुळे गेला, मी म्हणतो बोटांना गुंडाळल्यामुळे. तुम्हीच ठरवा: मासा जवळ आला की तो एकदा तरी पळतोच, आणि तेव्हा रॉडचं टोक खाली भोकात घालायचं, म्हणजे दोरा बर्फाच्या कडेला लागत नाही. दुसऱ्याने तोवर ट्रान्सड्यूसर वर ओढून घ्यायचा, नाहीतर दोरा त्याच्या वायरीत गुंततो. हाताने दोरा धरायची वेळ आलीच तर उघड्या तळव्यातून सरकू द्यायचा. खाडीवर काय करता ते इथे चालत नाही.

ऑगर: 8 इंची. 6 इंची पर्चवाल्यांसाठी. फेब्रुवारीत एक-दीड फूट बर्फ असतो आणि दिवसाला दहा-बारा भोकं तरी पाडावी लागतात, कारण पाऊण तास सोनारवर रेघ आली नाही तर जागा सोडायची. तळ 60 वरून 90 फुटांकडे उतरतो त्या उतारावर आडवं सरकत जा. हाताच्या ऑगरने तिघांत जमतं. बॅटरीवाल्या ड्रिलची बॅटरी कोटाच्या आत ठेवा, नाहीतर चौथ्या भोकाला मान टाकते. आणि पाती बर्फावर टोचून बघू नका, धार गेली की ऑगर बर्फावर नुसता फिरतो.

खर्चाचं एवढंच: सगळ्यात जास्त पैसे सोनारवर घाला, सगळ्यात कमी रॉडवर. 36 इंची मध्यम-जड रॉड कुठल्याही दुकानातला चालतो. पहिल्या खेपेला काहीच विकत घेऊ नका असंही म्हणेन. झोपडी भाड्याने देणारे बॉम्बार्डियरमध्ये (बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी) बसवून नेतात, भोकं पाडलेली असतात, हीटर असतो. तोटा एवढाच की जागा त्यांची. हीटर लावलात तर झोपडीचे वरचे आणि खालचे दोन्ही झरोके उघडे ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बर्फाबद्दल आधी लिहायला हवं होतं. केम्पेनफेल्टचा फाटा खोल, म्हणून सिमकोचाच दक्षिणेकडचा उथळ फाटा, कुक्स बे, गोठल्यावर बऱ्याच दिवसांनी गोठतो. चालायला किमान 10 सेंटीमीटर पारदर्शक बर्फ असं सर्रास सांगतात, कॅनडाची रेड क्रॉस 15 सांगते. 15 च धरा. पांढरा, दुधी बर्फ निम्म्या ताकदीचा. लोखंडी सळईने ठोकत जा, तिघांत दहा-दहा पावलांचं अंतर, बर्फात रोवायचे टोचे गळ्यात (बॅगेत नाही). जाताना ओलांडलेली भेग परतताना वाऱ्याने उघडलेली असू शकते.

आणखी एक, वर सोयीने गाळलेलं: तो तीन मीटरचा लीडर मी बांधला होता. स्विव्हल वापरायचं तर लीडर रॉडपेक्षा आखूड, 60 सेंटीमीटर. लांब हवा असेल तर स्विव्हल न घालता डबल युनी गाठ, ती कड्यांतून सरकते. ट्यूब फिरून दोऱ्याला पीळ पडतो तो मग अधूनमधून जिग लोंबकळत ठेवून उलगडायचा. त्यामुळे मेहुण्याचं निम्मं बरोबर आहे. हिसक्याचं नाही.

मासेमारीचा परवाना आणि आउटडोअर्स कार्ड (ओंटारिओ सरकारचं ओळखपत्र) दोन्ही लागतं. प्रत्येकी दोन गळ चालतात, पण गळापासून 60 मीटरच्या आत आणि तो नजरेसमोर हवा. किती मासे ठेवायचे ते परवान्याच्या प्रकारावर, त्या वर्षीच्या नियमांत बघा. हंगाम मार्चच्या मध्यात संपतो. तिथेच तुकडे केलेत तर कातडं ठेवा, जात ओळखता आली पाहिजे. मोठा ट्राउट सोडून दिलेला बरा, त्यात पारा जास्त साठतो. सोडायचा असेल तर बर्फावर फोटोसाठी ठेवू नका, उणे पंधरात डोळे आणि कल्ले मिनिटाभरात गोठतात.

गाडी नसेल तर गो ट्रेनची बॅरी लाइन थेट ॲलनडेल वॉटरफ्रंटला येते, पाणी स्टेशनसमोरच आहे. ऑगरच्या पात्यांना टोपण घालून आणा.