रस्त्याची उंची कुणी विचारली?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त सर्वेक्षकाची उत्तरं

प्रश्न : आमची सोसायटी कांदिवली पूर्वेला आहे. तळमजला अधिक तीन मजले, १९७९ सालची इमारत. मागच्या महिन्यात मोजणीवाले आले आणि कंपाउंडच्या भिंतीवर लाल रंगाने आतल्या बाजूला बाण काढून '१८.३०' असं लिहून गेले. वॉचमनला म्हणाले, इथून नवा रस्ता जाणार. आमचे सेक्रेटरी म्हणतात, घाबरू नका, फ्लॅटचे भाव वाढतील. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी तळमजल्यावर. भिंत आणि इमारत यांच्यामध्ये पाण्याची टाकी आणि पंपरूम आहे. इमारत पाडतील का? हरकत कुठे घ्यायची?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : ताई, १८.३० ही अख्ख्या रस्त्याची रुंदी, मीटरमध्ये. तुमच्या अंगणातून तेवढं जाणार नाही, एवढा जीव आधी भांड्यात पडू द्या. आकडा अडनिडा आहे कारण तो मुळात साठ फूट आहे. मुंबईच्या आराखड्यातले ९.१५, १२.२०, १३.४० हे सगळे असेच जुने फूट. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता ४५.७० मीटर, म्हणजे दीडशे फूट. कागदावर मीटर आले, रस्ते फुटांतच राहिले.

आता सोसायटीचा सीटीएस नंबर, म्हणजे जमिनीचा नगर भूमापन क्रमांक, घालून महापालिकेच्या वेबसाइटवरून डीपी रिमार्क काढा. विकास आराखड्यात तुमच्या प्लॉटवर काय आहे ते या कागदावर असतं. त्यात दोन गोष्टी बघा : २०३४ च्या विकास आराखड्यातल्या रस्त्याची रेषा तुमच्या प्लॉटवरून जाते का, आणि रेग्युलर लाइन, म्हणजे महापालिकेने ठरवलेली रस्त्याच्या कडेची हद्द, कुठे आहे. दोन्हींचे कायदे वेगळे, हरकतीचे दरवाजेही वेगळे. आराखड्याला २०१८ मध्येच मंजुरी मिळाली आहे, त्यामुळे रस्ता त्यात असेल तर 'रस्ताच नको' म्हणायची वेळ टळली. आराखड्यात नवा फेरबदल करत असतील तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकतीला महिना मिळतो. रेग्युलर लाइन बदलून नवी ठरवायची असेल तर १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम २९७ लागतं. त्याची नोटीस पेपरात येते आणि त्या रस्त्यावरही लावावी लागते. लेखी हरकत महापालिकेच्या सभेच्या आधी पूर्ण तीन दिवस राखून चिटणीसांच्या कार्यालयात पोचली पाहिजे. नगरसेवकाला भेटून तोंडी सांगितलेलं यात कुठेच धरत नाहीत. भेटा जरूर, पण आवकच्या शिक्क्याची प्रत खिशात ठेवून.

इमारतीचा काही भाग रेग्युलर लाइनमध्ये येत असेल तरी साधारणपणे ती लगेच पाडत नाहीत, पुनर्बांधणीच्या वेळी मागे सरायला लावतात. मोकळ्या जागेला मात्र हे संरक्षण नाही. कलम २९९ नुसार सात दिवसांची लेखी नोटीस देऊन कंपाउंडच्या भिंतीसकट ती ताब्यात घेता येते. म्हणजे टाकी आणि पंपरूम नवीन जागी कुठे बसवायची हे आत्ताच ठरवा. नोटीस आल्यावर प्लंबर शोधत बसलात तर अख्ख्या इमारतीला टँकर मागवावा लागेल.

मोबदला रोख किंवा टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काच्या, रूपात मिळतो. उपनगरात टीडीआर सोडलेल्या जागेच्या दुप्पट असतो. पण तो मिळणार प्रॉपर्टी कार्डावर ज्याचं नाव त्याला. तुमच्या काळातल्या कितीतरी सोसायट्यांचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलंच नाही. कार्डावर अजून बिल्डर किंवा मूळ जमीनमालक असेल तर भिंत तुमची जाईल आणि टीडीआर त्याच्या घरी. भावाच्या गोष्टी करण्याआधी सेक्रेटरींनी डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून जमीन नावावर करून घ्यायची, फाइल उघडावी.

आणि आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. सगळं भांडण चालतं रेषेवर, म्हणजे रस्ता किती आत येतो यावर. तो किती वर येतो हे कुणी विचारत नाही. नकाशात उंची दिसत नाही, ती एल-सेक्शन नावाच्या वेगळ्या कागदावर असते आणि तो कागद सोसायटीपर्यंत क्वचितच पोचतो. लेव्हलचं मशीन खांद्यावर टाकून मी उपनगरं पालथी घातली. रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून घरात शिरावं लागतं असे तळमजले किती पाहिले, सांगता येणार नाही. बांधताना त्यातलं एकही घर खाली नव्हतं.

सोसायटीच्या कपाटातून जुनी आयओडी, म्हणजे बांधकामाआधी महापालिकेने दिलेलं अटींसह मंजुरीचं पत्र, काढा. त्यात बहुधा एक अट सापडेल : प्लॉट ९२ फूट टीएचडी किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत भरावा. टीएचडी म्हणजे टाऊन हॉल डेटम. आपल्या शहरातल्या उंच्या अजूनही फोर्टातल्या टाऊन हॉलच्या हिशेबाने धरतात. १९७९ ला तुमच्या बिल्डरने मुरूम टाकून ते सहा इंच दिले असतील. आता काँक्रीटचा थर, त्याखालची खडी आणि मधला उंचवटा मिळून नवा रस्ता तुमच्या आवारापेक्षा वर बसला, की जुलैच्या पहिल्या जोरदार सरीला ते सहा इंच तुमच्या उंबरठ्यावर परत येतात. मग सोसायटी पेव्हर ब्लॉक टाकून आवार उंच करते. वरच्यांच्या गाड्या कोरड्या राहतात आणि तुमचं घर आणखी खाली जातं.

म्हणून माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, तुमच्या गेटसमोरच्या भागाचं एल-सेक्शन आणि बाजूच्या गटाराची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे तळाची उंची, मागवा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दरम्यान मोजणीवाल्यांनी आसपास कुठेतरी 'टीबीएम' (उंचीची तात्पुरती खूण) असं रंगवून शेजारी आकडा लिहिलेला असेल, तो शोधा. एखाद्या गवंड्याला बोलवा. त्याच्याकडे पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप असते. एक टोक त्या खुणेवर, दुसरं तुमच्या उंबरठ्यावर. अर्ध्या तासात कळेल तुम्ही खुणेच्या किती वर आहात की खाली. मग हरकतीत नेमकं लिहा : रस्त्याची तयार पातळी आमच्या आवाराखाली ठेवावी, आणि गटाराचा तळ आमच्या शेवटच्या चेंबरच्या तळापेक्षा खाली असावा, नाहीतर पाणी उलटं येईल. इंजिनीअरला 'आमच्यावर अन्याय होतो' या वाक्याचं काही करता येत नाही, पातळीच्या आकड्याचं करता येतं.

प्रश्न : आमचं बैठं घर जोडरस्त्याच्या आखणीत आहे. सर्व्हेच्या दिवशी घरात कुणी नसलं तर?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : असं होऊ देऊ नका. गोरेगाव-मुलुंड रस्ता १२.२ किलोमीटरचा, त्यात ४.७ किलोमीटर बोगदा. घरं जातात ती बोगद्याबाहेरच्या तुकड्यांत, आणि यादीत नाव लागतं ते सर्व्हेच्या दिवशी. सगळ्यांनाच कामावर जायचं असेल तर एकाने रजा टाका. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल, म्हणजे मतदारयादी, वीजबिल, तर त्याच्या प्रती हाताशी ठेवा. परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्र-अपात्रांच्या यादीत, नाव बरोबर लिहिलंय का ते स्वतः वाचा. पात्र कुटुंबाला ३०० चौरस फुटांचं घर असतं, पण कुठे, हे लेखी मागा. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या वेळी बाधितांनी पुनर्वसनाबद्दल २००४ मध्ये थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली आणि २००६ मध्ये बँकेने पैसे थांबवले. रस्ता खुला व्हायला २०१४ उजाडलं. लोकांच्या कागदाला किती वजन असतं, ते यावरून बघा.

प्रश्न : रस्ता झाल्यावर रात्रीच्या ट्रकच्या आवाजाचं काय?
– एक वाचक, मालाड

उत्तर : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रस्ता व्हायच्या आधीच्या काही रात्री मोजून नोंद ठेवा, नंतर तुलनेला तीच उपयोगी पडेल. आवाज अडवणारी भिंत मागत असाल तर ती खालच्या मजल्यांनाच कामाची. तुम्ही भिंतीच्या वर राहत असाल तर ते पैसे खिडकीच्या दुहेरी काचेत घाला.