फवारणी पंपाची बॅटरी

भाऊ, नव्या पंपातली 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. तारेचा तुकडा गुंडाळला की पुढच्या वेळी वायरिंगच जळते. चार्जिंग कापसाच्या गंजीजवळ नको.

मोटर मंदावली की थांबा. 10.5 व्होल्टखाली ओढलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं, मग ती चार्ज धरत नाही. खरं तर बऱ्याच बॅटऱ्या वापरून नाही, हंगामानंतर कोठ्यात चार्ज उतरलेल्या पडून मरतात. दर महिन्याला एकदा चार्ज करा. मे महिन्यात टिनाखाली तर ठेवूच नका.

लिथियम बॅटरीवाल्या पंपाला हा लेड-ॲसिडचा चार्जर चालत नाही. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, दुकानात परत द्या.