वाचकांचे प्रश्न : कोकणातील छोटी राज्ये खेळात आणताना

प्रश्न : ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या संगणकीय खेळात बहुतेक कोकण बहमनी सुलतानाच्या रंगात दिसते. ते खटकल्याने मी मॉड, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या फाइलींचा संच, तयार करून जव्हार आणि जंजिरा ही दोन राज्ये त्यात घातली. जव्हार काही वर्षांतच बहमनींच्या घशात जाते. जंजिऱ्यासाठी प्रांताच्या फाइलमध्ये १६२० सालची नोंद केली होती, परंतु १४४४ पासून खेळत १६५० पर्यंत आलो तरी जंजिरा नकाशावर आला नाही. शिवाय नव्या राज्यांच्या नावाच्या जागी तीन रोमन अक्षरेच दिसतात. हे कसे दुरुस्त करावे? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : आधी जंजिऱ्याचे पाहू, कारण तिथली अडचण फाइलींपेक्षा कालक्रमाची अधिक आहे. हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी सुरू होतो आणि इतिहासाच्या फाइलींतील तारखा केवळ पट मांडण्यापुरत्या वाचल्या जातात. आपण १६२० नंतरची तारीख निवडून खेळ सुरू केला असता, तर जंजिरा लगेच दिसला असता; १४४४ पासून खेळणाऱ्याच्या बाबतीत मात्र ती नोंद कधीच अमलात येत नाही, कारण तोवर खेळाने स्वतःचा वेगळा इतिहास घडवायला घेतलेला असतो. सिद्दींचे, म्हणजे जंजिऱ्याच्या राज्यकर्त्यांचे, राज्य त्या डावात उदयाला यायचे असेल तर त्यासाठी स्वतंत्र ‘इव्हेंट’ लिहावा लागतो. त्यात अमुक वर्षानंतर, किनारा अमक्या सत्तेकडे असताना, तो प्रांत नव्या राज्याला द्यावा, अशा अटी घालता येतात. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे मालक न बदलता त्या प्रांतावर जंजिऱ्याचा ‘कोअर’, म्हणजे हक्क, नोंदवून ठेवणे. मग बंड यशस्वी झाल्यास किंवा एखाद्या सत्तेने मांडलिक म्हणून मोकळे केल्यास ते राज्य आपोआप जन्माला येते. मला हा दुसरा मार्ग अधिक रुचतो, कारण सिद्दींची सत्ताही अहमदनगरच्या निजामशाहीच्या सावलीतच वाढली होती आणि ती निजामशाहीच मुळी १४९० मधली आहे. १४४४ मध्ये मुरुडच्या बेटावर सिद्दी बसवणे इतिहासाला धरून होणार नाही. परंपरेनुसार तिथे त्या काळी कोळ्यांचा मेढेकोट, म्हणजे लाकडी तटबंदी, होता.

जव्हारचे तसे नाही. दिल्लीच्या सुलतानाने १३४३ मध्ये तेथील मुकणे घराण्याला राजा म्हणून मान्यता दिली असे परंपरा सांगते, म्हणजे १४४४ च्या पटावर त्याचा हक्क आहेच. आता ते टिकत का नाही, हे पाहू. एकाच प्रांताचे राज्य मोठ्या शेजाऱ्याशेजारी कोणत्याही नात्याविना ठेवले, तर संगणक त्याला सोपे भक्ष्य समजतो. अशा वेळी अनेकजण त्या प्रांताचे कर, उत्पादन आणि मनुष्यबळ हे आकडे वाढवत सुटतात. असे करू नये. जव्हारच्या डोंगरात गुजरातच्या बंदरांइतकी संपत्ती दाखवणे हास्यास्पद तर ठरतेच, पण श्रीमंत प्रांत शत्रूला अधिकच हवासा वाटतो. त्याऐवजी इतिहासाच्या फोल्डरातील ‘डिप्लोमसी’च्या फाइलमध्ये त्याला एखाद्या मोठ्या सत्तेचे मांडलिक किंवा मित्र म्हणून नोंदवावे. राजधानीच्या प्रांताला मूळचीच थोडी तटबंदी मिळते आणि डोंगराळ भूमीत चढाई करणाऱ्याच्या फाशाला दंड बसतो, एवढे पुरते. वर आणखी किल्ला बांधून दिला तर त्याचा दरमहा खर्च एका प्रांताच्या तिजोरीला जड जातो.

खरे तर १४४४ साठी जव्हारइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, या भागातील राज्य घालण्याजोगे आहे. पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बहमनींचा सरदार मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन कोकणात उतरला असता शिर्के आणि संगमेश्वरकर या स्थानिक सत्ताधीशांनी त्याला जंगलात अडकवून त्याच्या फौजेची दाणादाण उडवली आणि तो स्वतःही तिथेच मारला गेला. पुढे बहमनींचा वजीर महमूद गावान याला विशाळगड जिंकण्यासाठी १४६९ पासून मोहीम चालवावी लागली आणि १४७२ मध्ये तो गोव्यापर्यंत पोहोचला. पटाच्या आरंभकाळी कोकण बहमनींच्या पूर्ण अमलाखाली नव्हते, ही आपली शंका रास्त आहे, आणि तिला सर्वांत भक्कम आधार याच घटनांचा आहे. या राज्याची प्राथमिक संस्कृती मराठी ठेवली तर इतर अटी पूर्ण झाल्यावर मराठा राज्य स्थापन करण्याचा निर्णयही त्याला खुला राहतो.

नावाचा दोष किरकोळ आहे. ‘लोकलायझेशन’च्या फोल्डरात राज्याच्या संकेताचे, म्हणजे त्या तीन रोमन अक्षरांचे, नाव आणि विशेषण अशा दोन ओळी लागतात आणि ती फाइल ‘यूटीएफ-८’ या अक्षरसंकेतन पद्धतीत, ‘बॉम’ या फाइलीच्या आरंभी येणाऱ्या अदृश्य चिन्हासह जतन करावी लागते. साधारणतः हे चिन्हच राहून जाते. खेळ देवनागरी दाखवत नसल्याने नावे रोमन अक्षरांतच द्यावीत. संकेत निवडताना मात्र जपावे : कोकणासाठी ‘केओएन’ सुचणे स्वाभाविक आहे, पण तो आफ्रिकेतील काँगोचा आहे.

प्रश्न : नवे राज्य घालण्याऐवजी नवा प्रांतच कोरला तर? (त्याच वाचकाचा पुरवणी प्रश्न)

उत्तर : पहिल्या मॉडमध्ये ते टाळावे. राज्यासाठी संकेत, रंग व नावांची फाइल, इतिहासाची फाइल आणि १२८ बाय १२८ आकाराचे निशाण एवढे पुरते. प्रांतासाठी मात्र ५६३२ बाय २०४८ आकाराच्या नकाशाच्या चित्रात वेगळा रंग भरून त्याची व्याख्या, विभाग आणि सैन्याच्या जागा अशा अनेक फाइली जुळवाव्या लागतात, आणि एक आकडा चुकला तरी खेळ सुरूच न होण्याची भीती असते. दोन्ही बाबतींत बदल तपासताना जुना जतन केलेला डाव उघडू नये. नवा डाव मांडावा.