पादचारी सिग्नलमधला माणूस लुकलुकायला लागला, तर रस्ता ओलांडायला सुरुवात करावी का?

नाही, फूटपाथवर असाल तर थांबा. पण झेब्रा पट्ट्यांवर उतरला असाल तर मागे न फिरता सरळ पलीकडे जा. लुकलुकणं म्हणजे अधेमधे असलेल्यांना रस्ता मोकळा करायला दिलेला वेळ. आकृती काही ठिकाणी हिरवी लुकलुकते, काही ठिकाणी लाल, अर्थ तोच. हा वेळ साधारण सेकंदाला १.२ मीटर चाल धरून ठरवतात, म्हणजे १४ मीटर रुंद रस्त्याला जेमतेम १२ सेकंद. गुडघे दुखणाऱ्या आजी किंवा हात धरून चालणारं लेकरू तेवढ्यात पोचत नाही, म्हणून त्यांना घेऊन माणूस नुकताच स्थिर हिरवा झाला की लगेच निघायचं. मधे रुंद दुभाजक असेल तर तिथं थांबलात तरी चालतं.

फक्त एक लक्षात ठेवा: तुमचा दिवा हिरवा असला तरी डावीकडे वळणारी वाहनं येतात. तशी पाटी किंवा हिरवा बाण नसेल तर लाल दिव्यावर डावं वळण घेताच येत नाही, हा नियम. पण कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नर चौकात गर्दीच्या वेळी नियमाच्या भरवशावर राहू नका, आधी उजवीकडे बघा, वळणाऱ्या गाडीचा वेग उतरला की मगच पाय टाका.