शेजारच्या देशातला युवा गट बोलवायचा आहे, पैशांचं काय?

शेजारी देशांमधल्या युवा देवाणघेवाणीच्या अनुदानाबद्दल युरोपात युवा संस्था आणि शाळांचं काम करणाऱ्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : जर्मनीतली आमची नोंदणीकृत युवा संस्था लहान आहे. पोलंडमधल्या एका गटाबरोबर उन्हाळ्यात आठवडाभराचं शिबिर घ्यायचं ठरतंय. अर्ज नेमका कुणाकडे करायचा?

तुमच्यासमोर मुख्यतः दोन दारं आहेत. पहिलं जर्मन-पोलिश युवा कार्यालयाचं. 17 जून 1991 रोजी दोन्ही सरकारांनी केलेल्या करारातून ही संस्था उभी राहिली आणि तिची कार्यालयं पॉट्सडॅम आणि वॉर्सा इथे आहेत. नमुना होता 1963 सालच्या फ्रेंच-जर्मन युवा कार्यालयाचा. युद्धानंतर वैर मिटवायचं तर दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांच्या घरी राहायला हवं, हा त्यामागचा विचार, आणि म्हणूनच दोन्ही देश तिजोरीत पैसे घालतात. दुसरं दार युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस योजनेचं. तिथे अर्ज देशाच्या राष्ट्रीय एजन्सीकडे, म्हणजे त्या देशात ही योजना चालवणाऱ्या संस्थेकडे जातो.

दोन्हींच्या अटी वेगळ्या आहेत. युवा कार्यालय 12 ते 26 वयाच्या मुलांसाठी मदत देतं, इरास्मस प्लसमध्ये वय 13 ते 30. इरास्मस प्लसला प्रवासाचे दिवस सोडून किमान 5 आणि जास्तीत जास्त 21 दिवसांचा कार्यक्रम लागतो. गटप्रमुख वगळून किमान 16 आणि कमाल 60 मुलं, प्रत्येक गटात किमान 4, आणि प्रत्येक गटाबरोबर 18 वर्षांवरचा निदान एक गटप्रमुख.

पहिल्यांदाच करत असाल आणि दोनच देश असतील, तर आमचा कौल युवा कार्यालयाला. अर्ज आटोपशीर असतो आणि दोन्ही संस्था मिळून एकच अर्ज करतात, त्यामुळे कामाची वाटणी सुरुवातीलाच कागदावर येते. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हे अनुदान खर्चाला हातभार लावण्यापुरतं असतं, पूर्ण खर्च त्यातून निघत नाही. उरलेली रक्कम मुलांची वर्गणी, नगरपालिका किंवा भगिनी-शहरांच्या निधीतून उभी करावी लागते. दुसरं, जर्मनीत बऱ्याच संस्थांना थेट अर्ज करता येत नाही. आपण ज्या महासंघाचे सदस्य आहोत त्याच्या मध्यवर्ती कार्यालयामार्फत जावं लागतं आणि त्या कार्यालयाची अंतर्गत मुदत बरीच आधी संपते. उन्हाळ्याच्या शिबिरासाठी शरद ऋतूतच तिथे फोन करा.

प्रश्न : आम्हाला दोन नव्हे, तीन-चार शेजारी देश एकत्र आणायचे आहेत. चेक संस्था आमची जुनी ओळखीची आहे.

चेकिया, हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हाकिया यांच्यापुरतं असेल तर आंतरराष्ट्रीय व्हिशेग्राड निधी पाहा. 2000 साली स्थापन झालेल्या या निधीचं कार्यालय ब्रातिस्लाव्हात आहे आणि चारही देश त्यात सारखाच वाटा घालतात. नेहमीच्या अनुदानासाठी चारांपैकी किमान तीन देशांतल्या संस्था हव्यात. वर्षातून तीनदा अर्ज घेतात : 1 फेब्रुवारी, 1 जून आणि 1 ऑक्टोबर. अर्ज इंग्रजीत भरायचा असतो. पश्चिम बाल्कनमधल्या सहा प्रदेशांसाठी तिरानास्थित प्रादेशिक युवा सहकार्य कार्यालय आहे. 2016 साली स्थापन झालेलं हे कार्यालय फ्रेंच-जर्मन नमुन्यावरच बेतलेलं आहे.

जर्मनी आणि चेकिया एवढीच जोडी असेल तर रेगेन्सबुर्ग आणि प्ल्झेन इथल्या ‘टँडेम’ समन्वय केंद्रांना आधी विचारा. 1997 पासून ती जर्मन-चेक युवा देवाणघेवाणीचंच काम करतात.

प्रश्न : आमचा अर्ज ‘पर्यटनाचं स्वरूप’ असा शेरा मारून परत आला. कार्यक्रमात किल्ला, संग्रहालय, नौकाविहार असं सगळं छान आखलं होतं. काय चुकलं?

चुकलं ते हेच. सहलीसाठी, सणमहोत्सवासाठी, स्पर्धेसाठी किंवा कलापथकाच्या दौऱ्यासाठी हे पैसे नाहीत. परीक्षक कार्यक्रमपत्रिकेत एकच गोष्ट शोधतो : दोन्ही गटांतली मुलं एकत्र काय करतात? तुमच्या पत्रिकेत बहुधा ती एकत्र पाहतात एवढंच दिसलं.

संग्रहालय काढून टाकायची गरज नाही, त्याचं काम बदला. मिश्र जोड्या करा, प्रत्येक जोडीत दोन्ही देशांचा एकेक. प्रत्येक जोडीने एक वस्तू निवडायची, तिच्याबद्दल आपापल्या शाळेत काय शिकवलं हे एकमेकांना सांगायचं आणि संध्याकाळी दोन्ही भाषांत ती इतरांसमोर मांडायची. तासभराची भेट अर्ध्या दिवसाचं काम होते आणि तिचा उद्देश एका वाक्यात लिहिता येतो.

भाषेला पत्रिकेत स्वतंत्र वेळ द्या. रोज सकाळी 30 मिनिटं पुरतात. फ्रेंच-जर्मन कार्यालयाने रुजवलेली भाषा-खेळांची पद्धत सोपी आहे : व्याकरण नाही, हालचाल आणि हशा भरपूर. स्वयंपाकघरात वस्तूंवर चिठ्ठ्या डकवा. चमच्यावर जर्मनमध्ये ‘लोफेल’, खाली पोलिशमध्ये ‘विश्का’. ज्याला चमचा हवा त्याने समोरच्याच्या भाषेतला शब्द उच्चारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुलं एकमेकांचे उच्चार दुरुस्त करू लागतात. सगळं इंग्रजीवर सोडलं की इंग्रजी चांगलं असलेली चार मुलं बोलतात आणि उरलेली गप्प बसतात. ज्यांच्यासाठी हा निधी आहे ती मुलं बहुतेकदा त्या गप्प बसणाऱ्यांतच असतात.

खोल्याही मिश्र ठेवा आणि ते अर्जात लिहा. कार्यक्रम दोन्ही संस्थांनी आणि शक्यतो मुलांनीही मिळून आखला, याचा पुरावा द्या : कोणत्या तारखेला ऑनलाइन बैठक झाली, काय ठरलं. इरास्मस प्लसमध्ये 100 पैकी किमान 60 गुण लागतातच, शिवाय प्रत्येक निकषात निम्मे गुण लागतात. कार्यक्रमाच्या आखणीला सर्वाधिक म्हणजे 40 गुण आहेत. तिथे 20 च्या खाली गेलात तर बाकी अर्ज कितीही सरस असला तरी तो बाद होतो.

प्रश्न : अंदाजपत्रक कसं मांडायचं? मागच्या वेळी एजन्सीने प्रवासाची रक्कम कापली.

प्रवासाची रक्कम कापली जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अंतर. इरास्मस प्लसमध्ये तिकिटाचे पैसे नव्हे, अंतराच्या टप्प्यानुसार ठरावीक रक्कम मिळते. अंतर योजनेच्या स्वतःच्या गणकावरच काढायचं आणि ते सरळ रेषेतलं, एका बाजूचं असतं. समजा, गणक 480 किलोमीटर दाखवतो. मग तुम्ही 100 ते 499 च्या टप्प्यात बसता आणि त्या टप्प्याची रक्कम जाणं-येणं दोन्हींसाठी असते. लोक 480 ची दुप्पट करतात, किंवा रस्त्याने 560 किलोमीटर आहे म्हणून 500 ते 1999 चा टप्पा लावतात. ही चूक तपासणीत लगेच पकडली जाते. रेल्वे, बस किंवा एकत्रित मोटारीने गेलात तर पर्यावरणपूरक प्रवासाचा वाढीव दर मिळतो. मात्र तो अर्जातच मागावा लागतो.

मुक्काम आणि जेवणाची मदत व्यक्ती-दिवसांवर मोजतात. एक उदाहरण घेऊ. दोन्हीकडून 12-12 मुलं आणि 2-2 गटप्रमुख, 7 दिवसांचा कार्यक्रम. पाहुण्यांना येण्याचा एक आणि जाण्याचा एक असे दोन दिवस धरता येतात. म्हणजे पाहुणे 14 गुणिले 9, एकूण 126. यजमान 14 गुणिले 7, एकूण 98. मिळून 224 व्यक्ती-दिवस. यात गटप्रमुख धरले आहेत. पण आयोजनासाठीची मदत फक्त 24 मुलांवर मिळते, गटप्रमुखांवर नाही. अनेक अंदाजपत्रकांत इथेच 28 चा आकडा सापडतो.

आता खरा धोका. ऐनवेळी पाहुण्यांतली तीन मुलं गळाली, तर 27 व्यक्ती-दिवसांचे पैसे जातात, तिघांचा प्रवास जातो, आयोजनाची मदतही कमी होते. पण बसचं भाडं तेवढंच राहतं, सभागृहाचं भाडं तेवढंच राहतं आणि हॉस्टेल आरक्षणाचे पैसे परत देतंच असं नाही. अंदाजपत्रकात बांधलेला खर्च आणि माणशी खर्च यांचे रकाने वेगळे करा. बांधलेला खर्च एकूण रकमेच्या एक तृतीयांशावर गेला, तर आमच्या मते बेत धोक्यात आहे : लहान बस घ्या, किंवा सभागृह नगरपालिकेकडून फुकट मिळवा.

आणि 8 अधिक 8 असा बेत कधीही करू नका. एका मुलाला ताप आला की संख्या 15 होते आणि किमान 16 ची अट मोडते. निदान 10 अधिक 10 ठेवा. प्रत्येक बाजूला दोन-तीन राखीव मुलांची नावं, पालकांची संमती आणि ओळखपत्रं तयार असू द्या.

सांकेतिक भाषेचा दुभाष्या, व्हीलचेअर चढेल अशी गाडी, सोबतीला सहाय्यक, असा खर्च वेगळ्या रकान्यात प्रत्यक्ष खर्चाइतका मागता येतो. हा रकाना बरेच जण संकोचाने रिकामा सोडतात. कृपया सोडू नका. तो भरला नाही म्हणून एखादं मूल घरी राहतं.

प्रश्न : अनुदान मंजूर झालं, पण पैसे हाती कधी येतात?

सगळे एकदम येत नाहीत. इरास्मस प्लसमध्ये करार झाल्यावर साधारण 80 टक्के आगाऊ मिळतात, बाकीचे अंतिम अहवाल मान्य झाल्यावर. मंजुरी 20,000 युरोंची असेल तर हातात 16,000. शिबिर संपेपर्यंत खर्च 19,000 झाला, तर मधले 3,000 युरो कित्येक महिने संस्थेलाच वागवावे लागतात. त्याची सोय अर्ज करण्यापूर्वी करा : सदस्यांकडून बिनव्याजी उसने, किंवा हॉस्टेलशी बोलून अर्धं बिल नंतर देण्याची मुभा.

सीमाभागातल्या युरोरिजनचे, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशांनी मिळून केलेल्या सहकार्य-संघांचे, लहान प्रकल्प निधी चांगले असतात, जसं 1991 पासून चालू असलेलं जर्मनी-पोलंड-चेकिया सीमेवरचं नायसे युरोरिजन. पण अशा निधीतून बहुतेकदा आधी स्वतः खर्च करायचा आणि मग परतावा मिळवायचा असतो. खात्यात शिल्लक नसलेल्या संस्थेने तिकडे पहिलं पाऊल टाकू नये.

भागीदार संस्थेला तिच्या वाट्याचे पैसे केव्हा, किती आणि कुठल्या कागदांवर द्यायचे, याचा दोन पानी लेखी करार करा. पक्क्या मैत्रीतल्या संस्थाही या एका मुद्द्यावर दुरावतात. पाहुण्यांनी तिकिटं स्वतः काढली, यजमानांनी पैसे ‘शेवटच्या हप्त्यानंतर’ देऊ म्हटलं आणि तोवर पाहुण्या संस्थेच्या खात्यात खडखडाट!

प्रश्न : गटातल्या दोन मुलांकडे युरोपीय संघाबाहेरचे पासपोर्ट आहेत. त्यांना वगळावं लागेल का?

मुळीच नाही. इरास्मस प्लसमध्ये मूल कुठे राहतं हे पाहतात, नागरिकत्व नव्हे. शेंगेन देशाचं (आपसांतली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांपैकी एकाचं) निवासपत्र आणि वैध पासपोर्ट असेल, तर दुसऱ्या शेंगेन देशात 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत जाता येतं. दोन्ही मूळ कागद सोबत हवेत, छायाप्रत चालत नाही. शेंगेनबाहेरचा देश असेल तर त्याच्या दूतावासात चार महिने आधी चौकशी करा. व्हिसाचा खर्च विशेष खर्चात मागता येतो, पण तोही मूळ अर्जातच. शाळेची सहल युरोपीय संघातल्याच दुसऱ्या देशात जाणार असेल, तर 1994 पासून विद्यार्थ्यांच्या सामूहिक प्रवासयादीची सोय आहे : यादीत नाव असलेल्या संघाबाहेरच्या मुलांना वेगळा व्हिसा लागत नाही. शाळेने यादी भरून परदेशी नागरिक कार्यालयाला वेळेत गाठावं.

अल्पवयीन मुलांसाठी दोन्ही पालकांच्या सहीचं संमतिपत्र घ्या आणि त्याचा यजमान देशाच्या भाषेतला अनुवाद जोडा. युरोपीय आरोग्य विमा कार्डावर आजारी मुलाला घरी परत नेण्याचा खर्च मिळत नाही. त्यासाठी गटाचा वेगळा विमा लागतो.

प्रश्न : आम्ही चार मित्र आहोत, संस्था नाही. आम्हालाही अर्ज करता येईल?

हो. इरास्मस प्लसमध्ये 13 ते 30 वयाच्या किमान चार जणांचा अनौपचारिक गट चालतो. त्यांतला निदान एक जण 18 वर्षांवरचा हवा, तो सगळ्यांच्या वतीने जबाबदारी घेतो. जबाबदारी म्हणजे पैशांचीही. म्हणून पहिल्या खेपेला एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली गेलात तर आम्हाला जास्त बरं वाटेल.

प्रश्न : शेवटच्या हिशेबात काय काय ठेवायचं?

प्रकल्प संपल्यापासून 60 दिवसांत अंतिम अहवाल द्यावा लागतो. ठरावीक दराच्या अनुदानात किराणा मालाच्या पावत्यांपेक्षा हजेरीला जास्त किंमत आहे. प्रत्येकाचं नाव, ठिकाण, कार्यक्रमाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख आणि स्वतःची सही. गटप्रमुखाने सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाने केलेली हजेरीपत्रकं तपासनीस बाजूला काढतो. सह्या शेवटच्या दिवशी नकोत, आदल्या दिवशी जेवणाच्या वेळी घ्या. शेवटच्या सकाळी कुणाची तरी गाडी लवकर असतेच. बदललेल्या वेळांसह प्रत्यक्ष झालेली कार्यक्रमपत्रिका, पर्यावरणपूरक प्रवासाचा दर घेतला असेल तर त्याची तिकिटं किंवा स्वाक्षरीचं निवेदन, आणि विशेष खर्चाच्या मूळ पावत्या, हे सगळं एका फायलीत लावा. प्रत्येक मुलाला यूथपास प्रमाणपत्रही द्यायचं असतं. त्यात आपण काय शिकलो हे मुलांनी स्वतः लिहायचं असतं. त्यासाठी शिबिरातच रोज 15 मिनिटं राखून ठेवा, घरी गेल्यावर ते कुणी पाठवत नाही.